जायला दोन, यायला अठरा

"जायला दोन तास, यायला अठरा," आईने शेजारच्या काकूंना ठणकावून सांगितलं. "अठरा तास अवघडून बसायचं म्हणजे खायचं काम आहे का?"

काकू इस्त्री परत करायला आल्या होत्या. लेक चार वर्षांनी उगवली, वडील गेले तेव्हाही आली नाही, ते का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. अठरा तास ऐकून त्या इस्त्री ठेवून निघून गेल्या.

आतून ऐकणाऱ्या लेकीला हसू आवरेना. "आई, हे काय नवीन?"

"नवीन कसलं? पहिल्या वर्षी तू आली नाहीस ना, तेव्हा बाबांनी तुझं जाण्यायेण्याचं जुनं तिकीट कपाटातून काढून मला समजावलं. इथून सकाळी नऊला निघालं की तिथे अकराला पोचतं. तिथून अकराला निघालं की इथे दुसऱ्या दिवशी पहाटे पाच."

लेकीने टेबलावरची मटारची पाटी बाजूला सरकवली आणि वर्तमानपत्राच्या कडेला दोन घड्याळं काढली. एक इथलं, एक तिथलं. तिथलं आठ तास मागे. म्हणजे जायला दहा तास, यायलाही दहाच. याच टेबलावर बाबांनी तिला घड्याळ शिकवलं होतं. लहान काटा आळशी, मोठा काटा भोचक. आई शेंगा सोलत मान डोलावत राहिली.

"आणि बाबांना एवढं कळू नये? जन्मभर..." लेक हसता हसता थांबली.

बाबांची उभी हयात बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेली होती. गाडीला दोन मिनिटं उशीर झाला, तरी ते ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. लेकीला मात्र कधी ओरडले नाहीत. तिला शाळेतून यायला उशीर झाला, की फाटकाशी उभे असत. "गाडी लेट," एवढंच म्हणत आणि तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवत. ते दप्तर आठवून तिने पेन खाली ठेवलं. असा माणूस तिकीट वाचताना चुकेल? शक्यच नव्हतं. पोरगी येत नाही हे आईच्या मनाला लागू नये, म्हणून त्यांनी ते अठरा तास रचले होते. आणि आपण शहाणपणा करून ते मोडून ठेवले, याची तिला लाज वाटली. आता आई विचारणार, दहाच तास होते, तर का नाही आलीस? काम होतं, रजा नव्हती, पुढच्या वर्षी नक्की येणार होते. तिने मनातली सगळी उत्तरं चाळून पाहिली. एकही धड नव्हतं.

"आई, बाबांनी तुला फसवलं गं. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मला?" आईने टरफलं गोळा केली. "तू गेलीस त्या दिवशी पोचल्याचा फोन दिवेलागणीला आला. आम्ही दोघं सकाळपासून फोनपाशीच बसून होतो. दोन तास कुठले गं?"

"मग त्यांना बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? तू का येत नाहीस, याचं दुसरं कारण शोधावं लागलं असतं त्यांना."