होमात पडलं ते देवाचं

खोका जड होता. विठू आणि धोंडूने तो होमाच्या गवतात पार आत ढकलला, वर आंब्याच्या डहाळ्या रचल्या आणि मागे सरून बघितलं. बाहेरून काही कळत नव्हतं.

“रित्या बोंबलत येईल,” धोंडू म्हणाला.

“येऊ दे. बोंबलायचाच सण हाय.”

शिमगा लागला की होळीच्या होमासाठी कुणाच्याही परड्यातलं लाकूड उचलावं, ही भाट्ये गावातल्या त्या वाडीची जुनी रीत. धन्याने बघितलं तर शिव्या घालाव्यात. पण एकदा का वस्तू होमात पडली, की ती देवाची. मग मागायची नाही आणि भांडायचंही नाही. शेजारच्या रितेशच्या गाडीतला स्पीकरचा खोका चांगला जाड लाकडाचा होता. दुपारी रितेश जेवून आडवा झालेला बघून दोघांनी तो डिकीतून उचलला. जाता जाता विठूने टेपच्या साऱ्या वायरीही उपटल्या. त्या उपटताना त्याला जे सुख झालं, ते लेकाच्या लग्नातही झालं नव्हतं.

दिवाळीपासून तो धुमसत होता. रोज दिवेलागणीला ती गाडी अंगणात जागच्या जागी उभी राहून कोकलायची. डिकी उघडी, तोंड रस्त्याकडे. विठूच्या मांडणीतली भांडी थरथरायची. नात अक्षया यंदा दहावीला. कानांत कापूस कोंबून ती पुस्तकावर वाकायची आणि शेवटी रडायला लागायची. सराव परीक्षेत ती गणितात नापास झाली, तेव्हा विठू भांडायलाच गेला. रितेश गाडीत बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, ना ठेका ना डोलणं.

“तात्या, माझी गाडी, माझं अंगण,” तो समोर न बघताच म्हणाला. “तासाभराचा तर प्रश्न हाय. घ्या की जरा सोसून.”

सोसून घ्या म्हणे. ते शब्द विठूच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले होते.

त्याहून त्याचं डोकं फिरायचं ते त्या स्कूटीवाल्या पोरीमुळे. खांद्याला बॅग लावून ती तिन्हीसांजेला यायची, घरात शिरायची, आणि पाठोपाठ ह्याची गाणी सुरू. पोरीपुढे मिरवतोय, हे सांगायला भटजी नको होता. आणि घरात खाटेवर कोण? त्याची आई, येसूबाई. मुंबईला ऑपरेशन करून आणल्यापासून ती कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. कोणी विचारलं तर ‘बरी हाय’ एवढंच रितेश सांगायचा, आणि दार लोटून घ्यायचा. येसूबाई ती येसूबाई. रितेशच्या वेळी दोन दिवस अडली होती, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. सुईणच गावभर सांगत फिरली होती. विठूची बायको मरेपर्यंत त्याचं कौतुक करायची. अशा बाईच्या उशाशी हा धांगडधिंगा. आज तिलाही सुखाची झोप लागेल, असं मनाशी म्हणत विठूने वाडीच्या आधी स्वतःलाच शाबासकी दिली.

सूर्य बुडता बुडता होम पेटला. पोरांनी दोन-चार फाका घातल्या, आरोळ्यांनी वाडी दणाणली. खोक्यावरचं काळं कापड जळून आतला गोल स्पीकर उघडा पडला, तेवढ्यात रितेश धावत आला.

“तात्या, माझा खोका तो.”

“होमात पडलं ते देवाचं,” विठू म्हणाला. दुपारपासून हे वाक्य त्याने जिभेवर घोळवलं होतं. “मागायचं नाय.”

त्याने बाह्या वर सारल्याच होत्या. पण रितेशने शिवी दिली नाही. तो आगीकडे बघत राहिला. मग रस्त्याकडे वळला. स्कूटीचा दिवा वळणावर दिसत होता.

“आता काय करू?” असं तो म्हणाला, पण विठूला नव्हे. आणि स्कूटीच्या मागून घराकडे पळत सुटला.

विठूचा जरा विरसच झाला. एवढा सूड उगवला आणि समोरच्याने साधी आई-माई काढू नये?

होम लवकरच विझला. विठू घरी येऊन पडवीत बसला. कितीतरी महिन्यांनी त्याला समुद्राची गाज ऐकू आली. अक्षया पुस्तक घेऊन बसली होती. सवयीने तिने कानांत कापूस घातलाच होता.

“काढ गो तो. आता खुशाल वाच.”

तिने कापूस काढला. विठूने सुपारी कातरायला घेतली.

आणि दगडी गडग्यापलीकडून, रितेशच्या घरातून किंकाळी आली.

विठूला आधी वाटलं, कुणाची गाय अडली. मग दुसरी आली, आणि तिच्यात शब्द होते. “हळू गो बाय, हळू. सालटी निघतात माझी.”

“झालंच मावशी,” स्कूटीवाली म्हणत होती. “पट्टी जखमेला चिकटलीय. एवढी सोडवली की झालं.”

तिसरी किंकाळी लांबत गेली. मध्येच त्या घरात कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. त्या बारक्या आवाजाने काही झाकलं गेलं नाही. घरोघरच्या पायऱ्यांवर माणसं येऊन उभी राहिली. धोंडूही गडग्यापाशी आला, विठूकडे बघून त्याने मान खाली घातली.

“रित्या, गाडीतली गाणी लाव रे,” येसूबाई रडत होती. “रोजच्यासारखी लाव. वाडी आयकते.”

विठूने अडकित्ता खाली ठेवला.

अक्षयाने पुस्तक मिटलं. ती आत गेली, टीव्ही लावला आणि त्याचा आवाज चढेल तेवढा चढवला.