आंब्याखालची बिनपानांची फुलं

फूल थेट मातीतून वर आलं होतं. देठ नाही, पान नाही. सुलोचनाबाईंच्या परसात, आंब्याच्या दाट सावलीत, पांढरी-जांभळी फुलं नुसती जमिनीत खोचल्यासारखी.

"फोन तं याले केशर म्हणते," नात खुशबू म्हणाली. तिनं दुसऱ्या बाजूनं फोटो काढला. "आता ऑर्किड म्हणून राहिला."

"फोनले काय समजते? परसरामभाऊले इचार."

बरोबरच होतं. वैनगंगेतल्या मगरीला तंबाखू चारून जो माणूस तिच्या पाठीवरून पैलतीरी गेला (हे अख्ख्या पवनीला त्यानंच सांगितलेलं), त्याला एका फुलाचं नाव ठाऊक नसावं?

परसराम आला आणि फुलापाशी उकिडवा बसला. बोटानं माती उकरली. आत दोऱ्याला बोरं बांधावीत तशा गोल गाठी लोंबत होत्या. त्याचा हात थांबला.

या गाठी त्यानंच श्रावणात लावल्या होत्या. सुलोचनाबाईंचा भाऊ वारला, तेव्हा चिखला गावातल्या त्याच्या अंगणातून बाईंनी हे झाड आणलं. पानं मोठी, खालून जांभळी. नाव कोणाला माहीत नाही, फूल कोणी पाहिलेलं नाही. हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला भंडाऱ्याला जाताना बाई पाणी घालायचं परसरामला सांगून गेल्या. हा घाटावर गोष्टी सांगत बसला. पानं पिवळी पडली, भुईला टेकली, संपली. यानं वाळकी पानं नदीत टाकली, आणि बाई परतल्यावर छातीठोक सांगितलं, "गोमाजीच्या झिपरीनं खाल्लं, मुळासकट. माह्या डोयानं पाह्यलं!"

मागच्या घरचा गोमाजी आता भांडायला येणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं फक्त बकरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हापासून झिपरी खुंट्याला. बाईंनी गोमाजीशी बोलणं टाकलं; भावाची शेवटची खूण होती ती. आणि आज गोमाजी झिपरीला बाजारात विकायला निघाला होता. दोर हातात धरून, कुंपणापलीकडे, फुलं बघायला उगाच थांबला होता.

परसरामला एक नाव हवं होतं. कोणतंही. हिमालयातलं बी बगळ्याच्या पोटातून पवनीत कसं उतरलं, ही गोष्ट जिभेवर तयार होती. तेवढ्यात झिपरीनं कुंपणावरून मान काढून त्याच्याकडे पाहिलं.

"वहिनी, हे नवीन झाड नोहे. तुमच्या भावाचंच होय. झिपरीनं काही नाही खाल्लं. मीच पाणी टाकलं नाही. मले वाटलं, मेलं. खोटं बोललो मी."

खुशबू फिसकन हसली. "परसरामआबा आज लय मोठी थाप सोडून राहिले!"

सुलोचनाबाईही हसल्या.

"आईची आन, वहिनी!"

हसू आणखी वाढलं. परसरामनं एक मूळ उपटलं आणि गाठी बाईंच्या तळहातावर ठेवल्या. गाठी ओळखताच बाईंचं हसू विरलं. त्यांनी हळूच मूठ मिटली.

कुंपणापलीकडे गोमाजीच्या हातून दोर सुटला.

"म्हणजे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "याले जोर पाहिजे म्हणून मी गरम पेज ओतली होती, तिच्यानं मेलं नोव्हतं हे?"