फिल्टरची स्वच्छ बाजू

कुरामोचीने पाना इतक्या जोरात आपटला, की बाकावरचे नट उड्या मारून खाली गेले. ते कुणीच उचलले नाहीत. एरवी या गॅरेजात जमिनीवर पडलेला नट म्हणजे पाप होतं.

"मी जुळवलेलं इंजिन फुटत नाही!" तो ओरडला. "तू त्यात किती बूस्ट कोंबलास ते बोल आधी!"

"आपण म्हणता तसंही असेल," निशिवाकी म्हणाला.

कुरामोचीचे कान लाल झाले. धंदा सुरू केल्यापासून दोघं एकमेकांना अरे-तुरे करत होते. त्याला 'आपण'पेक्षा शिवी परवडली असती.

कुरामोची इंजिन जुळवायचा. निशिवाकी लॅपटॉप जोडून ते ट्यून करायचा: टर्बोने हवा किती ढकलायची म्हणजे बूस्ट किती द्यायचा, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची. मायेबाशी शहरात कुठेही इंजिन फुटलं की जुळवणारा ट्यूनिंगवर ढकलतो आणि ट्यून करणारा जुळणीवर. हे दोघं मिळून गिऱ्हाइकावर ढकलायचे, म्हणून भागीदारी टिकली. या वेळी ती सोय नव्हती. गाडी कुरामोचीच्या मुलाची, शुहेईची होती.

शुहेईने वजन कमी करायचं म्हणून गाडीतली मागची सीट काढली, रेडिओ काढला, खालचं जाजम काढलं, आरशाला लटकवलेला आईचा देवळातला कापडी ताईतसुद्धा काढला. रविवारी शर्यतीआधी टायर गरम करायच्या फेरीतच धाडकन आवाज झाला, पांढरा धूर आला आणि सातशे घोड्यांची ताकद संपली. इतकी हलकी केलेली गाडी ढकलत आणायला चार माणसं लागली.

"पिस्टनला भोक निघालं तर तू मारलंस," कुरामोची म्हणाला. "मग भागीदारी खलास. पाटीवरचं तुझं नाव मी स्वतः खरवडणार."

"आणि बेअरिंग गेलेलं निघालं, तर आपलं मी खरवडीन. पाटीला ओरखडा न पाडता."

"बाबा, आधी टर्बो तरी बघा ना," शुहेई म्हणाला.

"तू गप्प बस!" दोघं एकदम ओरडले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

कुरामोचीने इंजिनाचं डोकं उतरवलं आणि टॉर्चचा उजेड पिस्टनवर मारला. सहाही पिस्टन धड होते. भोक नाही, वितळलेली कड नाही. त्याचा चेहरा उतरला. मग निशिवाकीने बाही सारली आणि एकेक बेअरिंग बाहेर काढून उजेडात धरलं. त्यांत तोंड बघून दाढी करता आली असती. त्याचाही चेहरा उतरला.

दोघांपैकी कुणाचीच चूक नाही हे कळल्यावर दोघं जास्तच भडकले.

"मग काय भुताने फोडलं?"

"आपल्याला भुतांची माहिती अधिक."

"पुन्हा आपण म्हणालास तर हा पाना बघ!"

एव्हाना शुहेईने कुणाला न विचारता टर्बोचा पाइप काढला होता. आतल्या चाकाची पाती मोडली होती. दांड्याभोवती सोनेरी दोरे करकचून गुंडाळले होते आणि त्यांत लाल-जांभळ्या चिंध्या अडकल्या होत्या. कुरामोचीने चिमट्याने एक लाल चिंधी ओढली. तिच्यावरच्या 'वाहतूक सुरक्षा' या भरतकामातली 'सुरक्षा' तेवढी शाबूत होती.

"कुणी ठेवला हा ताईत इथे?" त्याच्या आवाजाने शटर हललं.

"मी," दारातून फुमिए म्हणाली. ती कुरामोचीची बायको. हातात चहाचा ट्रे होता. "अहो, ओरडता काय? याने आरशावरून काढून फेकला. मग तुम्हालाच विचारलं ना मी, हा गाडीत कुठे हात घालत नाही म्हणून? तुम्हीच म्हणालात, एअर फिल्टर."

"फिल्टर म्हणालो! फिल्टरच्या आत नव्हे! आतलं सगळं टर्बो ओढून घेतो!"

"बाहेरच्या बाजूला केवढी धूळ असते. देवाची वस्तू आहे ती. आतली बाजू कशी स्वच्छ होती."

 पाना अजून कुरामोचीच्या हातात होता. आता तो कुणावर उगारायचा हे त्याला कळेना.

निशिवाकी वाकून टर्बोत बघत होता. त्याने बोटाने एक चिंधी सोडवली.

"वहिनी, लाल ताईत शुहेईचा. मग ही जांभळी चिंधी कसली?"

फुमिएने ट्रे बाकावर ठेवला आणि ती खाली वाकून नट गोळा करायला लागली.

"त्या देवळात सगळ्यासाठी ताईत मिळतात. जांभळा तुम्हा दोघांसाठी घेतला होता, भागीदारीत भांडण होऊ नये म्हणून."