अर्ध्यावर आलेला आकडा

"अर्ध्यावर! अहो, हिचा आकडा थेट अर्ध्यावर आलाय!" साहेब अहवाल नाचवतच खोलीत शिरले, जसं काही रक्त त्यांनीच दिलं होतं.

शहराच्या नळांत न चिकटणाऱ्या तव्यांच्या कारखान्याचं रसायन सापडलं होतं. ते कुजत नाही, विरत नाही. म्हणून पाणीखात्यातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं, गेल्या वर्षी एकदा आणि आता पुन्हा. बाकीच्यांचे आकडे जागचे हलले नव्हते. उतरला तो फक्त गळतीवालीचा. जमिनीला कान लावून फुटके पाइप शोधायची, म्हणून खात्यात तिचं हे नाव पडलं होतं.

पोटुशी राहिल्यापासून ती धास्तावलेली होती, बाळ झाल्यावरही. घरातले तवे फेकले, त्यातही हेच रसायन असतं म्हणून रेनकोट फेकला. "आता फेकायचा आमचाच नंबर," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. आज कुठे तिच्या जिवात जीव आला.

"उद्या समितीपुढे उभी राहा," साहेब म्हणाले. "या रसायनावर मर्यादा घालायची की नाही, ते उद्या ठरणार. हेच पाणी पिऊन तुझं रक्त साफ होतंय म्हटल्यावर मर्यादा हवी कशाला? कटकटच मिटली!"

ती हसली. जिन्यात येऊन मात्र थबकली. नळ तोच, पाणी तेच. टाकीत आवक तेवढीच असून पातळी उतरली, तर पाणी आपोआप नाहीसं झालं असं तिने आजवर कुणाला म्हणू दिलं नव्हतं. ते कुठेतरी गेलेलं असतं. ती भराभर जिना उतरली.

रक्त घेणाऱ्या डॉक्टरीणबाई खाली सामान आवरत होत्या.

"बाई, हे अंगातून बाहेर पडतं तरी कुठून?"

त्यांनी आधी अहवाल पाहिला, मग तिच्याकडे. "बाळ अंगावर पितंय ना?"

तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"दूध तोडू नकोस हं. ते त्याला हवंच. पाणी बदलायला लाव."

दुसऱ्या दिवशी समितीची खोली गच्च भरली होती. साहेबांचा आवाज मधाळ झाला होता. "बोल, घाबरू नकोस. तुझ्या रक्तातलं निम्मं रसायन गेलं की नाही?"

"गेलं, साहेब."

तिने सोबत आलेल्या सासूबाईंच्या हातून झोपलेलं बाळ घेतलं आणि अलगद समितीच्या टेबलावर ठेवलं.

"इथे गेलंय."