आगीपासून बचावासाठी

क्यूआर कोड कागदावर मावत नव्हता. मोठा केला तर खालची ओळ पानाबाहेर जायची, लहान केला तर मोबाईलला वाचता यायचा नाही. हिसानागाने तीनदा करून पाहिलं आणि साहेबांना विचारलं. तोकुमारूसाहेब जागचे हललेही नाहीत.

"ओळ काढून टाक. सगळं कोडच्या आत आहेच की."

हिसानागाने ओळ काढली. 'शेगडी ताबडतोब बंद करा, पुन्हा पेटवू नका,' एवढीच होती ती. आता पत्रावर ठळक अक्षरांत उरलं, 'आगीपासून बचावासाठी', आणि त्याखाली काळा-पांढरा चौकोन.

कंपनीच्या रॉकेलच्या जुन्या शेगड्या गळत होत्या. दोन घरं जळाली होती, एक माणूस गेला होता. ज्यांनी ज्यांनी त्या घेतल्या अशा अठराशे सहा जणांना पत्र जायचं होतं. प्रत्येकाच्या पीडीएफवर वेगळा कोड, म्हणजे कोणी उघडून पाहिलं ते कळावं. हिसानागा दिवसभर फाईल उघडायचा, कोड बसवायचा, फाईल मिटायचा. गेलेल्या माणसाचं नावही यादीत होतं. ते त्याने गाळलं आणि पुढच्या नावावर गेला. आत काही हललं नाही. दुपारी डब्यातला गार भात खाल्ला, त्याचीही चव कळली नाही.

पत्रं छापून टपालाने गेली. तिसऱ्या आठवड्यात अकिताच्या डोंगरातल्या एका गावातून पोस्टकार्ड आलं. कागेयामा मित्सुए, वय एक्क्याण्णव. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, की पत्र पोचलं, म्हातारीची एवढी काळजी केलीत, आता मी निर्धास्त आहे. साहेबांनी तिच्या नावापुढे 'कळवलं' असा शिक्का मारला. हिसानागाने पडद्यावर पाहिलं. तिचा कोड कोणीच उघडला नव्हता.

मग ही निर्धास्त कशाने झाली? त्याने फोन केला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. शनिवारी, कोणाला न सांगता, तो गाडीत बसला.

आजी दारातला बर्फ बाजूला सारत होती. त्याने कंपनीचं कार्ड पुढे धरलं तशी ती कमरेत वाकली आणि त्याला आत घेऊन गेली. कान गेलेत, म्हणून फोन उचलत नाही, असं तिनेच सांगून टाकलं. खोली उबदार होती. रॉकेलचा वास येत होता. कोपऱ्यात शेगडी पेटलेली होती. तिच्यामागच्या भिंतीवर देवळातून आणलेला, आगीपासून राखणारा कागद होता, धुराने पिवळा पडलेला. आणि शेगडीवर, बटणाच्या जरा वर, भाताच्या खळीने नीट चिकटवलेला चौकोन होता. त्याने बसवलेला.

हिसानागा गुडघ्यांवर बसला. त्याने बटण फिरवलं. ज्योत विझली. मग त्याने कपाळ चटईला टेकवलं.

"आजी, ती ओळ मी काढली," तो म्हणाला.

तिला ऐकू गेलं नाही. तिने आपली गोधडी उचलून त्याच्या खांद्यांवर टाकली.

"विझवलीत कशाला? गारठाल ना," ती म्हणाली. "घाबरू नका हो. तुमच्या कागदाला रोज सकाळी आधी हात जोडते, मगच पेटवते."