थंडगार गोदाम

परदेशी जाणारा तांदूळ उकाड्याने तडकतो, म्हणून मॅनेजरसाहेबांनी गोदामात एसी बसवला. तरी दाणे मोडून तुकडा वाढतच गेला. "पोती तान्ह्या बाळासारखी ठेवा रे!" म्हणत साहेबांनी हमालांना फैलावर घेतलं, तरी तेच. शेवटी तपासणीवाल्या बाईंनी ओंजळभर मोडलेले दाणे त्यांच्या टेबलावर ओतले. "साहेब, हे नेमके वरच्याच थरातल्या पोत्यांतले आहेत. आता गिऱ्हाईक अख्खा माल परत पाठवणार, बघा!"

"आज छडा लावतोच!" साहेब गरजले, आणि जेवणाचा डबा संपवून विचार करायला गोदामात गेले.

 

एसीखाली पोत्यांवर घोरत पडलेलं सगळं ऑफिस नेहमीसारखं जरा सरकलं, आणि साहेबांनी आपलं शंभर किलोंचं धूड धपकन टाकून दिलं.