बुंध्याकडची भेंडी

बिया उगवायला घातल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी कमलिनीनं ओल्या कापडाची पुरचुंडी हातात घेतली खरी, पण ती सोडायचा धीर होईना.

"उघडा की, अम्मा," शेजारचे शेषगिरीराव म्हणाले. "आतां काय मुहूर्त पाहतां?"

चेन्नईच्या अण्णा नगरात, तिच्या गच्चीवर भेंडीचं एकच झाड उरलं होतं. लातूरहून बदली होऊन येताना कमलिनीनं आणलेलं ते आठ शिरांचं गावरान वाण, बाजारात शोधून मिळायचं नाही. दर वर्षी बी कमी कमी उगवत गेलं आणि यंदा पन्नासातून हे एवढं एक. आता याचंही बी नाही उगवलं, तर वाण संपलंच. अकरा वर्षं ती इथल्या उकाड्याला आणि खाऱ्या पाण्याला बोल लावत आली होती.

शेषगिरीरावांच्या घरची मराठी तंजावरची, पिढ्यान् पिढ्यांची. झाडाला पहिली फुलं आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "बी कुठलें धरतां?"

"शेवटी शेंड्याला निबर होतात ना, त्या भेंड्यांचं. खालच्या पहिल्या कोवळ्या आम्ही खातो."

"अय्यो!" म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. खालच्या भेंड्या धरल्या तशा त्यांनी स्वतः वाकून एकेकीला दोरा बांधला आणि सुरी लावायची नाही म्हणून दम भरला. सगळ्या वाळल्यावर आपली जुनी वेष्टी, म्हणजे धोतर, फाडून तीन पुरचुंड्या केल्या. शेंड्याची, मधली, बुंध्याकडची. दहा-दहा बिया. झाड तेच, पाणी तेच, ऊनही तेच.

शेंड्याची उघडली. दोन उगवल्या होत्या, बाकीच्या फुगून बुळबुळीत झालेल्या. मधलीत सहा.

तिसरी सोडली आणि ती बघतच राहिली. नऊ बियांना पांढरे, जाडजूड कोंब. दहावीचं टरफल नुकतं तडकलेलं. एकाच झाडाची लेकरं ही! कोंबाला बोट लावायचीही तिला छाती होईना.

"म्हणजे अकरा वर्षं सगळ्यात सकस बी इथंच, बुंध्याशी होतं," ती पुटपुटली, "आणि मी चिरून फोडणीला टाकत होते."

शेषगिरीरावांनी बोटं बुडवून कापडावर पाणी शिंपडलं.

"आणि तरी झाडानं दर वर्षी पुन्हा इथंच ठेवलं?"

"दुसरें कुठें ठेवील, अम्मा?" म्हातारा हळूच म्हणाला. "पहिलें देतांना हातचें राखायचें त्याला ठाऊकच नाहीं."